आधी दोनच पाने
नव्या सवयी लावून घ्यायच्या म्हणून पहाटे उठणे, व्यायाम आणि वाचन असे सगळे तुम्ही एकदम हाती घेतले आहे. त्यातले तूर्त वाचनच ठेवावे, असे मी सुचवेन. बोरिवलीहून चर्चगेटच्या धीम्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की मोबाइलआधी पुस्तक उघडावे आणि दोनच पाने वाचावीत. उभे राहावे लागले तर एक परिच्छेदही चालेल (खच्चून भरलेल्या विरार लोकलमध्ये तेही कठीण, हे मान्य). एकवीस दिवसांत सवय लागते ही ऐकीव गोष्ट आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील संशोधकांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा काळ सरासरी ६६ दिवसांचा निघाला आणि व्यक्तीगणिक तो १८ ते २५४ दिवस असा बदलत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात दिसले; त्यामुळे मेगाब्लॉकच्या रविवारी खाडा झालाच, तर सोमवारी भरपाई म्हणून चार पाने वाचू नयेत, नेहमीची दोनच वाचावीत.