घरच्या घरी पाऊस मोजून खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही पुण्यात धनकवडीला राहता, घरी पर्जन्यमापक ठेवायचं मनात आहे, पण शिवाजीनगरला वेधशाळा मोजतेच, मग आपण मोजून कोणाला काय फायदा, असा तुमचा प्रश्न आहे. फायदा आहे, आणि धनकवडीकराने मोजलं तर जास्तच आहे.

२५ सप्टेंबर २०१९ ची, आंबिल ओढ्याच्या पुराची रात्र आठवा. हा ओढा कात्रजच्या डोंगरातून निघतो आणि तुमच्या धनकवडीच्या बाजूने पद्मावती, सहकारनगर करत दांडेकर पुलाकडे येतो. पाणलोट छोटं, त्यामुळे वर जोराचा पाऊस झाला की खालच्या वस्तीला सावरायला फार वेळ मिळत नाही. त्या रात्री कोणाच्या घरात पाणी शिरणार, हे डोंगराच्या बाजूला किती कोसळला यावर ठरलं. वेधशाळेची पाषाण, लोहगाव, चिंचवड अशी आणखीही केंद्रं आहेत. पण वळीव किंवा परतीचा पाऊस दोन-तीन किलोमीटरच्या पट्ट्यात झोडपून निघून जातो. आम्ही दक्षिण पुण्यातले काही जण रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर आपापले आकडे टाकतो. बिबवेवाडीत पाऊस मोजायचा कॅन चांगला भरलेला आणि तळजईच्या पायथ्याशी नुसता तळ ओला, असं एकाच संध्याकाळच्या पावसात पाहिलं आहे.

अमेरिकेतही याची सुरुवात पुरातूनच झाली. जुलै १९९७ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स गावात एका बाजूला फूटभराहून जास्त पाऊस पडला, काही किलोमीटर पलीकडे त्याच्या कितीतरी कमी. हवामानशास्त्रज्ञ नोलन डोस्केन यांनी १९९८ मध्ये साध्या प्लास्टिकच्या मापकांवर स्वयंसेवकांचं 'कोकोराझ' हे जाळं उभं केलं. आज त्यात हजारो लोक घरून मोजतात. आपल्याकडे केरळात मीनाचिल नदीच्या खोऱ्यातले लोक स्वतः पाऊस मोजून खालच्या गावांना कळवतात. मला हे पुण्यातल्या प्रत्येक ओढ्याच्या काठी हवं आहे.

आता साधन. महागाचं काही नको. तोंडाचा आतला व्यास १६ सेंमी असलेलं नरसाळं घ्या आणि तेलाच्या ५ लिटरच्या रिकाम्या, स्वच्छ धुतलेल्या कॅनवर घट्ट बसवा. त्या तोंडाचं क्षेत्रफळ जवळपास २०० चौरस सेंमी होतं, म्हणजे कॅनमधलं दर २० मिली पाणी म्हणजे १ मिमी पाऊस. प्रयोगशाळेचं साहित्य मिळतं त्या दुकानातून १०० मिलीचा मोजनळा (मेझरिंग सिलिंडर) आणा. नळा सपाट जागी ठेवून डोळा पाण्याच्या पातळीला आणा. पाणी कडांना थोडं वर चढलेलं दिसतं, पण वाचायचा तो मधला खोलगट भाग. २ लिटरची बाटली लावू नका, १०० मिमीला ती काठोकाठ भरते आणि नेमका महत्त्वाचा दिवस हातचा जातो.

जागेबद्दल मी जरा हट्टी आहे. गच्चीपेक्षा सोसायटीच्या आवारातली मोकळी जमीन बरी, कारण उंचावर वारा थेंब नरसाळ्यावरून उडवून नेतो आणि आकडा कमी येतो. भिंत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडा. नरसाळ्याची कड जमिनीपासून फूटभर वर हवी, नाहीतर उडालेले शिंतोडे आत येतात. गच्चीशिवाय इलाजच नसेल तर कठड्यापासून लांब, मधोमध ठेवा आणि वहीत तसं लिहून ठेवा.

वेळ सकाळी साडेआठ, वेधशाळेची तीच. काल संध्याकाळी पाचला पडलेला पाऊस आजच्या तारखेला लिहायचा, नाहीतर तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशी कधीच जुळणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शून्य. पावसाने ओढ दिली की लोक वही उघडायचेच थांबतात, आणि मग कोरी जागा पाहून कळत नाही की पाऊस नव्हता की मोजणारा घरी नव्हता. खंड किती दिवसांचा होता, पावसाचे दिवस किती (वेधशाळा २.५ मिमी किंवा जास्त पडला तरच तो दिवस धरते), हे सगळं त्या शून्यांवरच उभं असतं. गावाला गेलात तर परतल्यावर साठलेलं पाणी मोजा आणि 'चार दिवसांचा मिळून' असं लिहा. चारने भागून रोजचे आकडे बनवू नका. ते खोटे आकडे होतील.

मेमधला वळीव चुकवू नका, कॅन त्याआधीच मांडा. पाऊस फारच जोराचा असेल तर साडेआठची वाट न पाहता मध्येच मोजून घ्या, वेळ लिहा, कॅन रिकामा करून परत लावा आणि सकाळच्या आकड्यात ते मिळवा. आणि तो मधला आकडा ओढ्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या ओळखीच्यांना लगेच फोन करून सांगा.