'आनुवंशिक' या शब्दाचा अर्थ काय, आणि 'अनुवंशिक' लिहिलेले चालते का?

'आनुवंशिक' म्हणजे आईवडिलांकडून जनुकांच्या द्वारे पुढील पिढीत उतरणारे. 'अनु' म्हणजे मागोमाग आणि 'वंश' म्हणजे कुळाची परंपरा. 'अनुवंश' या शब्दाला 'इक' प्रत्यय लागताना पहिल्या स्वराची वृद्धी होऊन 'अ'चा 'आ' होतो, म्हणून 'आनुवंशिक' हेच शुद्ध रूप होय. संस्कृतात 'वंश' म्हणजे बांबूही, आणि आपल्या घराचा 'वासा' त्याच शब्दातून आला आहे.

वापराच्या बाबतीत मात्र अधिक काळजी हवी. कंधारकडच्या लाल कंधारी गायीचा गडद तांबडा रंग तिच्या वासरात उतरतो, तो आनुवंशिक; पण त्या गायीसोबत वडिलांकडून मुलाला मिळालेला गोठा आणि जमीन वडिलोपार्जित, आणि घरात चालत आलेला व्यवसाय पिढीजात म्हणावा. 'जन्मजात' आणि 'आनुवंशिक' यांची गल्लत तर टाळलीच पाहिजे, कारण गरोदरपणात आईला झालेल्या संसर्गामुळे बाळात आलेला दोष जन्मजात असतो, परंतु आनुवंशिक नसतो. उलट हंटिंग्टनसारखा मेंदूचा आनुवंशिक आजार बहुधा ऐन तिशी-चाळिशीत प्रकट होतो. आजाराविषयी लिहिताना हा भेद पाळणे मला अत्यावश्यक वाटते, कारण चुकीच्या शब्दामुळे एखाद्या कुटुंबावर विनाकारण ठपका बसतो आणि मुलामुलींची लग्ने अडतात.

बोलताना आपल्याकडे 'पोरगं आजोळच्या वळणावर गेलं' असे म्हणतात. त्यात रूपाबरोबर स्वभाव आणि सवयीही येतात, त्यामुळे शास्त्रीय लेखनात 'वळण' हा शब्द 'आनुवंशिकते'ऐवजी वापरता येत नाही.