'नवऱ्यानं सोडलेली' की 'नवरा सोडलेली'?

परभणीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. कॉलेजात 'सखाराम बाइंडर'मधला प्रवेश बसवताना निवेदनात चंपाला 'नवऱ्यानं सोडलेली' म्हटलं होतं. मैत्रीण म्हणाली, 'नवरा सोडलेली' म्हणा. एवढ्यानं काही फरक पडतो का?

खूप पडतो, ताई. मैत्रिणीचं बरोबर आहे.

'सोडलेली' दोन्हीकडे बाईलाच लागतं. पण 'नवऱ्यानं'मधला 'नं' असेल तर सोडणारा नवरा, आणि बाई सोडली गेलेली. तो 'नं' काढला की सोडणारी ती. 'साडी नेसलेली' म्हणतो तसंच 'नवरा सोडलेली'.

तेंडुलकरांच्या या नाटकात (1972) हा फरक दोन बायकांमध्येच दिसतो. लक्ष्मी नवऱ्यानं टाकलेली. चंपा फौजदार नवऱ्याला स्वतः सोडून आलेली. सखारामला मात्र दोघी सारख्याच: अन्न-वस्त्र-निवारा द्यायचा, बदल्यात घरकाम आणि अंथरूण. त्याच्या दारात पाऊल टाकलं की चंपाही 'ठेवलेली' होते, आणि त्याची वासना सोसायला तिला दारू लागते.

'ठेवलेली' हा शब्द तर एकटाच नाम म्हणून उभा राहतो. 'ती त्याची ठेवलेली' म्हटलं की सगळ्यांना कळतं. 'ठेवलेला' म्हणून बघा, समोरचा विचारील, काय ठेवलेला? जुन्या मराठीत अशा बाईला 'नाटकशाळा'ही म्हणत. नाटकाच्या तालमीत हा शब्द आठवला की मला अस्वस्थ व्हायला होतं.

आपल्याकडं गावात तर आणखी एक क्रियापद आहे, नांदणं. विठ्ठल पंढरपुरात नांदतो, घरात लक्ष्मी नांदते, तोवर शब्द मोठा प्रसन्न. पण लग्नानंतर नांदायला जाते ती बाईच. घरजावईसुद्धा सासरी 'राहतो', नांदत नाही. आणि भांडण झालं की ऐकू येतं, 'तो तिला नांदवत नाही.' नांदणारी ती, नांदवणारा तो. 'ती त्याला नांदवत नाही' हे वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही.

म्हणून निवेदनात 'नवरा सोडलेली'च ठेवा. शेवटी सखाराम चंपाचा गळा दाबतो, तेव्हा कोणाचा जीव गेला हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक हवं. फक्त 'नवरा'वर जरा थांबून बोला. कानांना 'नवऱ्यानं'ची इतकी सवय आहे की मागच्या रांगेत न उच्चारलेला 'नं'ही ऐकू येईल.