पहिल्यांदाच ऑनलाइन लिलावाला वस्तू लावताय?

आधी साइटवर तुमच्या वस्तूसारखीच वस्तू शोधा आणि ‘विकल्या गेलेल्या’ हा फिल्टर लावा. मागायला कुणी कितीही मागतो. खरा भाव तिथेच कळतो.

दोष मात्र लपवू नका. पुढे ईबे म्हणून नावारूपाला आलेल्या साइटवर १९९५ साली विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे चक्क बिघडलेला लेझर पॉइंटर, आणि घेणाऱ्याला तो तसाच हवा होता! मी जुना कॅमेरा विकला तेव्हा बॅटरीच्या खोबणीतला हिरवट गंज खिडकीच्या उजेडात, अगदी जवळून टिपला होता. प्रश्न भरपूर आले, पण कॅमेरा परत आला नाही.

सुरुवातीची बोली कमी ठेवली की माणसं जमतात, हे खरं. पण मागणी असलेल्या वस्तूंपुरतंच. एकच गिऱ्हाईक आलं तर वस्तू त्याच आकड्याला जाते. म्हणून ज्याच्या खाली द्यायला मन तयार होणार नाही, तिथूनच बोली सुरू करा. लिलाव मध्यरात्री संपेल असा लावू नका. खरी चुरस शेवटच्या काही मिनिटांतच होते.

पाठवणीचा खर्च वस्तू खोक्यात भरून, वजन करूनच लिहा. खोकं एकदा हलवूनही बघा. आत काही खुळखुळलं तर पुन्हा बांधा.