गोंगाटात आपलं नाव कसं ऐकू येतं, आणि बाकीचं का आठवत नाही?

लग्नाच्या हॉलमध्ये एवढा कलकलाट असतो, तरी लांबून कुणी आपलं नाव घेतलं की कान टवकारतात, असं आपल्याला वाटतं. खरं तर दरवेळी नाही. जेव्हा ऐकू येत नाही, तेव्हा ते आपल्याला कळतच नाही, एवढंच!

ब्रिटिश संशोधक कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये लोकांना हेडफोनवर दोन कानांत दोन वेगळी भाषणं ऐकवली. ऐकणाऱ्यांनी एका कानातलं मोठ्याने म्हणत राहायचं. नंतर दुसऱ्या कानाबद्दल विचारलं, तर आवाज पुरुषाचा होता की बाईचा एवढं लोकांना सांगता आलं, शब्द मात्र शून्य. मध्येच इंग्रजीचं जर्मन झालं, तेही लक्षात आलं नाही. १९५९ मध्ये मानसशास्त्रज्ञ नेव्हिल मोरे यांनी दुर्लक्षित कानात तेच ते शब्द ३५ वेळा ऐकवले, तरी लोकांना ते ओळखता आले नाहीत. स्वतःचं नाव मात्र साधारण एक तृतीयांश लोकांनी पकडलं.

आवाज वेगळे करायला मेंदू आवाजाची दिशा आणि पट्टी (तो किती उंच किंवा खालचा आहे) दोन्ही वापरतो. बाजूने आलेला आवाज पलीकडच्या कानात जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. दिशा ओळखायला तेवढा फरकही मेंदूला पुरतो. फोनच्या एकाच माइकवर केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये ही दिशाच जाते, म्हणून तिथे सगळी खिचडी ऐकू येते.

लक्ष नसताना कानावर पडलेलं काही सेकंद मनात रेंगाळतं, मग पुसलं जातं. म्हणूनच ‘काय म्हणालास?’ विचारतो आणि समोरचा पुन्हा सांगायच्या आत आपल्याला समजलेलं असतं.