पंपावरचे प्रश्न : आत येऊन बसा म्हटलं तर काय बिघडलं?

प्रश्न : मी गुहागरची. गेल्या पौषात लेकीकडे अमेरिकेत जाऊन आले. ती न्यू जर्सीत असते. तिथे पंपावर आपल्यासारखाच माणूस येऊन पेट्रोल भरतो. पण एकदा पेनसिल्व्हेनियात गेलो, तर जावई स्वतःच उतरले, कार्ड घातलं, नोझल गाडीला लावलं आणि थंडीत कुडकुडत उभे राहिले. मी म्हटलं, नळी लागली आहे ना, मग आत येऊन बसा. तशी लेक ओरडली, "आई, नको, आग लागेल!" आत बसल्याने आग कशी लागते? दुसरं, आमचे धाकटे दीर वेलदूरला होडी चालवतात. होडीच्या इंजिनासाठी ते प्लास्टिकच्या कॅनमधून पेट्रोल आणतात. कॅन टेम्पोच्या हौद्यातच ठेवून भरून घेतात. त्यांना हे नियम लागू होतात का?

उत्तर : ताई, लेक बरोबर बोलली. आणि तुमचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा जास्त काळजीचा आहे, पण क्रमाने जाऊ.

मी चिपळूणजवळ हायवेवरच्या एका पंपावर एकतीस वर्षं काढली. आधी मशीनवर, मग हिशेबाला, शेवटी सगळंच बघायला. नवा पोरगा कामाला लागला की पहिल्या दिवशी मी त्याला एकच गोष्ट सांगायचो : पेट्रोल जळत नाही, पेट्रोलची वाफ जळते. उणे ४० अंशांच्या थंडीतसुद्धा पेट्रोल पेटण्याइतकी वाफ सोडतं. डिझेलला त्यासाठी निदान ३५ अंशांच्या वर तापावं लागतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, टाकीच्या तोंडातून उतरते आणि जमिनीलगत सरपटते. हवेत ती साधारण दीड ते साडेसात टक्के मिसळली की झालं, ठिणगीचीच खोटी. ठिणगी तरी केवढी लागते? थंडीत लोकरी स्वेटर घालून दाराच्या कडीला हात लावल्यावर चटका बसतो ना, तेवढी पुरून उरते.

आता जावयांकडे या. तिकडच्या नोझलचा दाबायचा खटका अडकवून ठेवता येतो. तो अडकवला की हात सोडला तरी पेट्रोल चालू राहतं आणि टाकी भरली की आपोआप बंद होतं. म्हणून माणूस थंडीला कंटाळून गाडीत जाऊन बसतो. हीटरने सुकलेली हवा, अंगात स्वेटर, खाली सीटचं कापड. उठताना सीटवर अंग घासतं आणि अंगावर वीज साठते. पायात रबरी बूट असले की ती जमिनीत उतरत नाही. मग तो थेट नोझलला हात लावतो आणि वाफ नेमकी तिथेच असते. अमेरिकेत अशा आगींच्या हकिगती गोळा केल्या गेल्या तेव्हा त्यांत असे गाडीत बसून परतलेले लोक पुष्कळ निघाले. म्हणून तिकडचा नियम : भरून होईपर्यंत आत बसू नका. बसलातच, तर बाहेर आल्यावर आधी टाकीच्या तोंडापासून लांब, गाडीच्या उघड्या धातूला उघडा हात लावा. अंगावरची वीज तिथे उतरते, मग नोझलला हात.

तुम्हाला न्यू जर्सीत माणूस दिसला त्याचं कारणही हेच. तिथे १९४९ पासून गिऱ्हाइकाने स्वतः पेट्रोल भरायला कायद्याने बंदी आहे आणि त्या कायद्यात आगीचंच कारण दिलेलं आहे. ऑरेगॉनमध्येही १९५१ पासून अशीच बंदी होती, ती २०२३ मध्ये उठली. जिथे गिऱ्हाईकच भरतं, तिथे सगळं बंद करणारं बटण मशीनपासून निदान सहा मीटर दूर आणि तीस मीटरच्या आत लावतात. मशीनलाच आग लागली तर मशीनवरचं बटण काय कामाचं?

आपल्याकडे अंगावरच्या विजेचा त्रास त्या मानाने कमी. खाडीवरच्या दमट हवेत वीज अंगावर फार टिकत नाही. मी एकतीस वर्षांत कुणी गाडीत बसून उठल्यामुळे आग लागलेली पाहिली नाही. कॅनमुळे लागलेली मात्र पाहिली.

गणपतीच्या आधीचे दिवस होते, चाकरमान्यांच्या गाड्या रस्त्यापर्यंत लागलेल्या. एक ओळखीचा टेम्पो आला. हौद्यात मासळीचे रिकामे प्लास्टिकचे क्रेट, त्यांवर प्लास्टिकचा कॅन. खाली उतरवायला जागा नाही म्हणून आमच्या पोराने तसाच भरायला घेतला. कॅन भरत आला आणि तोंडाशी निळसर ज्योत दिसली. दिसली म्हणजे काय, भर उन्हात ती नीट दिसतही नाही, पोराच्या हाताला कळली. त्याने घाबरून नोझल ओढलं, पण बोटं खटक्यावर तशीच दाबलेली. जळतं पेट्रोल हौद्यावर आणि त्याच्या हातावर. मी ऑफिसातून मेन बंद केला, दुसऱ्याने पावडरचा सिलिंडर मारला. आग मिनिटभरात विझली. पोराचा हात बरा व्हायला दिवाळी उजाडली. चूक माझी होती. प्लास्टिकला नाही म्हणायचं मला माहीत होतं आणि गर्दीपुढे मी गप्प बसलो.

झालं काय, तर नळीतून वाहताना पेट्रोलमध्येच वीज साठते. कॅन लोखंडी असेल आणि जमिनीवर ठेवलेला असेल तर ती वीज नोझलमधून आणि जमिनीतून निघून जाते. प्लास्टिकच्या कॅनखाली प्लास्टिकचेच क्रेट असले की तिला वाटच नाही. हवा कितीही दमट असो.

तेव्हा भावोजींना सांगा : घट्ट झाकणाचा लोखंडी कॅन घ्या. टेम्पोतून उतरवा, जमिनीवर ठेवा, नोझल कॅनच्या काठाला टेकवून हळूहळू भरा, काठोकाठ भरू नका. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय बाळगता येतं, पण लोखंडी भांडं २५ लिटरपेक्षा मोठं नको. पंपवाल्याने प्लास्टिकला नकार दिला तर त्याच्याशी भांडू नका.

आणि नोझल आत असताना कधी पेटलंच, तर ते बाहेर ओढू नका. खटका सोडा, दूर व्हा, ओरडून मेन बंद करायला सांगा. गाडीच्या टाकीत वाफ इतकी दाट असते की आत जळायला हवा पुरत नाही. ज्योत तोंडाशीच राहते. ती पसरते ती आपण नळी उपसल्यामुळे.

प्रश्न : पंपावर "मोबाईल वापरू नका" अशी पाटी आणि तिच्याच खाली पैसे भरायचा क्यूआर कोड. खरं काय मानायचं? — एक वाचक, दापोली

उत्तर : पाटी लावणाऱ्यालाही हसू येत असेल. मोबाईलच्या ठिणगीने पंपावर आग लागल्याचं खात्रीने सिद्ध झालेलं प्रकरण माझ्या माहितीत नाही. मोबाईलच्या नावावर खपलेल्या बऱ्याच आगी नंतर अंगावरच्या विजेच्या निघाल्या. तरी पाटी चुकीची नाही, कारण वाफ असते तिथे त्यासाठी खास बनवलेली उपकरणंच वापरायची असतात आणि तुमचा फोन तसा बनवलेला नाही. शिवाय फोनवर बोलणारा माणूस मशीनचा झिरोही बघत नाही आणि सांडलेलंही बघत नाही. नोझल जागेवर लागलं, झाकण बसलं, दोन पावलं बाजूला झालात की मग स्कॅन करा. स्कूटरवाल्यांना आणखी एक : टाकी सीटखाली असली-नसली तरी दोघांनीही उतरा. लहान मूल पुढे उभं ठेवून पेट्रोल भरणारे बघितले की माझा अजून जीव वर-खाली होतो.

प्रश्न : अंगणात बाईकमधून पेट्रोल सांडलं. पाणी मारलं तर चालेल का? — एक वाचक, हर्णै

उत्तर : नाही. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते पाण्यावर तरंगत गटारापर्यंत जाईल आणि वाफही सोबत नेईल. बाईक सुरू न करता ढकलत दूर न्या, चूल-बिडी लांब ठेवा आणि सांडलेल्यावर वाळू टाका. हर्णैला वाळूला तोटा नाही, पण किनाऱ्यावरून उचललेली ओली वाळू नको, ती पेट्रोल शोषत नाही. सुकी, चाळलेली हवी. आमच्या पंपावरच्या लाल बादल्यांतली वाळू पावसाळ्यात दगडासारखी बसायची. श्रावणात ऊन पडलं की ती ताडपत्रीवर पसरून वाळवायची आणि संध्याकाळी परत भरायची, हे काम मी शेवटच्या वर्षापर्यंत स्वतः केलं.