'अचूक', 'विश्वासार्ह' की 'फेरमोजणीत जुळणारी' लांबी?

प्रश्न असा : वन्य पक्ष्यांच्या टेलोमिअरवरील शोधनिबंध मराठीत आणताना 'अ‍ॅक्युरेट', 'प्रिसाइज', 'रिपीटेबल' आणि 'रिलायबल' या चारही शब्दांना 'अचूक' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. या विषयात तर मुळीच नाही.

'अचूक' म्हणजे चूक नसलेलं. चूक आहे की नाही हे ठरवायला खरं उत्तर ठाऊक हवं, आणि इथे नेमकं तेच हाताशी नसतं. टेलोमिअर म्हणजे गुणसूत्राच्या टोकाचा पट्टा. पृष्ठवंशी प्राण्यांत 'टीटीएजीजीजी' ही सहा अक्षरं तिथे पुन्हा पुन्हा येतात. रानात पकडून सोडलेल्या पाखराचं थेंबभर रक्तच मिळतं, म्हणून बहुतेक जण २००२ साली रिचर्ड कॉथन यांनी मांडलेली क्यूपीसीआरची, म्हणजे डीएनएच्या प्रती चक्राचक्राने वाढवून त्याचं प्रमाण मोजण्याची, पद्धत वापरतात. तिच्यात टेलोमिअरच्या प्रमाणाला एकाच प्रतीत असणाऱ्या जनुकाच्या प्रमाणाने भागतात. हाती येतं ते टी/एस (टेलोमिअर भागिले एकप्रती जनुक) गुणोत्तर; त्याला एकक नाही. अशा आकड्याला 'अचूक लांबी' म्हणणं दोन्ही शब्दांनी चुकतं. निदान पहिल्या उल्लेखात 'सापेक्ष लांबी' लिहा, आणि दोन जातींची गुणोत्तरं शेजारी ठेवून 'हिची लांब, तिची आखूड' असं वाक्य होऊ देऊ नका.

टीआरएफ पद्धतीत डीएनए विकराने कापून टोकाच्या तुकड्यांची लांबी जेलमध्ये मोजतात. तिथे मात्र उत्तर किलोबेसमध्ये, म्हणजे हजार-हजार अक्षरांत, येतं. तिथे 'लांबी' शोभते आणि 'अचूक'चा प्रश्नही खरा ठरतो. डीएनए कापणारं विकर टेलोमिअरच्या काठावर कापत नाही, थोडा शेजारचा तुकडा सोबत येतो. शिवाय कित्येक जातींत हीच सहा अक्षरं गुणसूत्राच्या मध्येही असतात. डीएनएचे दोन्ही धागे वेगळे न करता जेलमध्येच शोधक (टेलोमिअरची अक्षरं ओळखून चिकटणारा खुणेचा तुकडा) जोडला, तर तो टोकाच्या एकेरी धाग्यालाच चिकटतो आणि मधला भाग वगळला जातो. क्यूपीसीआर तो मधला भागही मोजतं. ही खरी 'अचूकते'ची अडचण : उत्तर सतत एकाच बाजूला सरकलेलं असणं. 'प्रिसाइज' म्हणजे उत्तरं एकमेकांजवळ पडणं, मग ती सगळी मिळून सरकलेली का असेनात. त्यासाठी 'काटेकोर' घ्यावा.

आता 'रिपीटेबिलिटी', कारण निबंधाचा जीव तिच्यात असतो. कोशांच्या वळणाचा 'पुनरावर्तनक्षमता' हा शब्द व्याकरणात बसतो, पण वाचताना डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. 'पुनरुत्पादन' तर टाळाच. प्राण्यांच्या लेखात त्याचा अर्थ वाचक प्रजनन असाच घेणार. आपल्याकडे 'फेरमोजणी' हा जिवंत शब्द आहे : मतांची होते, जमिनीची होते. तो इथे चपखल बसतो. 'फेरमोजणीतील मेळ' म्हणावं आणि व्याख्या एकदाच द्यावी : एकूण फरकापैकी प्राण्या-प्राण्यांमधल्या फरकाचा वाटा. प्राण्यांमधलं प्रसरण (फरकाचं माप, 'व्हेरियन्स') ३ आणि मोजणीच्या चुकीचं १ असेल, तर मेळ ३ भागिले ४, म्हणजे ०.७५.

पण फेरमोजणी कुठून सुरू केली, हे वाक्यात आलंच पाहिजे. एकाच प्लेटवर (नमुने ठेवायच्या खळग्यांच्या तबकडीवर) एकाच डीएनएचे तीन वेल, म्हणजे खळगे, जुळले, तर पिपेट धरणारा हात स्थिर आहे एवढंच कळतं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या प्लेटवर मोजलं, की प्लेटचा फरक उघड होतो. म्हणूनच प्रत्येक प्लेटवर एक ठरलेला संदर्भ-नमुना ठेवतात. त्याच रक्तातून डीएनए पुन्हा काढून मोजलं, तरच डीएनए काढण्याच्या पद्धतीतली चूक दिसते, आणि ती लहान नसते. काढण्याची किंवा रक्त साठवण्याची पद्धत मध्येच बदलली, तर गुणोत्तरही बदलू शकतं. म्हणून 'पुन्हा मोजले' आणि 'पुन्हा काढून मोजले' ही दोन वेगळी क्रियापदं समजा. मराठीत हा भेद एका शब्दाने होतो, तो गाळू नका.

'विचलन गुणांक (प्रमाण विचलन भागिले सरासरी) १ टक्का' हे वाक्य दिसलं, तर भाषांतर करण्याआधी तो कशाचा आहे ते पाहा. क्यूपीसीआरमध्ये ठरलेली पातळी गाठायला लागणाऱ्या चक्रसंख्येची सरासरी २० आणि प्रमाण विचलन ०.२ असेल, तर गुणांक १ टक्काच येतो. पण प्रत्येक चक्रात डीएनए जवळजवळ दुप्पट होतं, त्यामुळे ०.२ चक्राचा फरक म्हणजे प्रमाणात सुमारे १५ टक्क्यांचा फरक. अशा ठिकाणी 'अत्यंत अचूक' लिहिलं, तर मूळ लेखातला कच्चा दावा मराठीत पक्का होतो.

राहिला 'रिलायबल'. 'विश्वसनीय' आपण बातमीला आणि माणसाला लावतो. मोजणीसाठी 'विश्वासार्ह' किंवा साधं 'भरवशाची'. दोन्ही चालतील, पण हा निष्कर्षाचा शब्द आहे. तो शीर्षकात आणि समारोपात ठेवा. पद्धतीच्या भागात 'काटेकोर' आणि 'मेळ' हेच वापरा, आकड्यासह.

जाता जाता 'वन्य'बद्दल. त्यात 'वन' आहे, म्हणून समुद्रपक्ष्याला तो खटकतो हे खरं. तिथे 'मुक्त अधिवासातील' म्हणावं. 'जंगली' मात्र नको.